शाळा गुगलवर सापडावी म्हणून



वेबसाइट लोकांना सापडावी, हे बघणं माझा व्यवसाय. हल्ली पालक शाळा आधी मोबाइलवर शोधतात. 'मराठी शाळा' आणि गावाचं नाव टाकलं, तर आपली शाळा पहिल्या पानावर येत नाही. पाचवीची तुकडी टिकवायची धडपड चालू असताना हे परवडणारं नाही.

आपल्या साइटवर निम्मे छापील पत्रकांचे फोटो आहेत. उरलेला मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. आपल्याला ते मराठी दिसतं, गुगलला मात्र आत इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ मिळते! तोच मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला हवा, आणि पानाला 'मुखपृष्ठ' असं शीर्षक न देता शाळेचं आणि गावाचं नाव द्यायला हवं.

दुसरं लिंकचं. १९९८ साली गुगल सुरू झालं तेच या कल्पनेवर, की दुसऱ्या साइटनं दिलेली लिंक म्हणजे शिफारस. तुमच्यापैकी ज्यांच्या दवाखान्याची, संस्थेची साइट आहे, त्यांनी तिथे शाळेची लिंक द्यावी. विकत घेतलेल्या लिंका म्हणजे कॉपी. सापडलो तर गुगल खाली ढकलतं.

फरक दिसायला काही महिने लागतात आणि प्रवेश जूनमध्ये. टायपिंगला चार जण हवेत. जेवणानंतर मी संगणक कक्षात बसतोय.