अंडाशयाची गाठ : भय, लाज व उपाय

(जयंती महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मगुरूने मंडळीचा इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खाली बसावे, अशी रीत आहे. ते कार्य इतर वक्ते उत्तम प्रकारे करतील. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो सभेत सहसा कोणी काढीत नाही, आणि कोणी काढीत नाही म्हणूनच तो काढणे आम्हांस अगत्याचे वाटते. तरुण मुलींच्या अंडाशयात होणाऱ्या गाठी, हा तो विषय होय. वैद्यक हा आमचा व्यासंग नव्हे. जाणत्या वैद्यांस जे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे तेवढेच आम्ही सांगू. औषध ठरविणे हे डॉक्टरांचे काम; भय व लाज दूर करणे हे मात्र आपणां सर्वांचे.

या विषयी आपल्या गडचिरोलीने साऱ्या जगास एक धडा दिला आहे, हे आपल्यांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी या जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावी ६५० स्त्रियांची, विवाहित तशा अविवाहितांचीही, तपासणी केली. तिचा वृत्तान्त १९८९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यांत जंतुसंसर्गाचे व पाळीचे विकार पुष्कळ होते. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावणारा आकडा दुसराच आहे : यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. दुखणे घरोघर होते. ते कोणाच्या कानी गेले नव्हते, इतकेच.

ते कानी का जात नाही? आपल्या जिल्ह्यातील माडिया व गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रीने कुर्मा घरात वेगळे राहावयाचे अशी चाल आहे. तेथे एखादी पोर पोट धरून कण्हत पडली, तर पाळीचे दुखणे म्हणून ते सोडून दिले जाते. आपण कुर्मा घरात राहत नाही असे म्हणणाऱ्यांच्या घरी तरी वेगळे काय घडते? ‘बाईच्या जातीला एवढे सोसावेच लागते,’ हे वाक्य पक्क्या विटांच्या घरांतही ऐकू येते. आणि अविवाहित मुलीचे पोट थोडे फुगलेले दिसले की मग दुखण्याचा नव्हे, तिच्या चारित्र्याचा विचार सुरू होतो. मुलगी भयाने गप्प बसते, आई लोकलज्जेस्तव गप्प बसते, आणि गाठ वाढत राहते.

पोटातील गाठ आणि गर्भ यांत गफलत होणे ही नवी गोष्ट नव्हे. १८०९ साली अमेरिकेतील केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंचे पोट इतके वाढले की जुळी मुले होणार असे तेथील वैद्यांनी धरले होते. डॉ. एफ्राइम मॅक्डॉवेल यांनी तपासून ती अंडाशयाची गाठ असल्याचे ओळखले. त्या बाई ऐन हिवाळ्यात सुमारे ६० मैल घोड्यावरून त्यांच्या गावी गेल्या, आणि भूल देण्याची विद्या ठाऊक नसलेल्या त्या काळी त्यांनी शस्त्रक्रिया सोसली. गाठ सुमारे १० किलो वजनाची निघाली. बाई त्यानंतर ३२ वर्षे जगल्या. वैद्यांची फसगत होऊ शकते, तेथे शेजारणीच्या संशयास काय किंमत द्यावयाची?

आता ही गाठ म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचे एकेक अंडाशय असते. दर महिन्यास त्यात पाण्याची एक इवलीशी पिशवी वाढते, तीतून स्त्रीबीज बाहेर पडते आणि पिशवी विरून जाते. कधी पिशवी फुटत नाही, कधी फुटून पुन्हा भरते. हीच साधी पाण्याची गाठ. तरुण वयात बहुतेक गाठी याच जातीच्या असतात व दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. दुसऱ्या जातीच्या गाठीत चरबी, केस, क्वचित दातही सापडतात. ती जन्मजात पेशींपासून होते. तीत करणी-भानामतीचा काडीचाही संबंध नाही. तिसरीत जुने, काळसर रक्त साठते, आणि पाळीत असह्य वेदना होतात. चौथी पाण्याने वा चिकट द्रवाने भरून फार मोठी होऊ शकते. कर्करोगाची गाठ तरुणपणी विरळा. विरळा म्हणजे अशक्य नव्हे, म्हणून तपासणी हवी.

पीसीओडी म्हणून जे हल्ली ऐकू येते, ते याहून निराळे. त्यात शरीरातील संप्रेरकांचा तोल बिघडून अंडाशयात बारीक बारीक पिशव्या अनेक दिसतात, पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते. त्यास कापाकापी सहसा लागत नाही. आहार, व्यायाम, वजन असल्यास ते उतरविणे, आणि पाळी नियमित करणारे औषध, हेच त्याचे मुख्य उपाय.

निदानासाठी सोनोग्राफी करावी लागते. अविवाहित मुलीची तपासणी पोटावरून यंत्र फिरवून होते, हे आयांनी ध्यानात ठेवावे. तिच्या अब्रूस यत्किंचितही बाध येत नाही. त्यानंतरचे मार्ग मुख्यतः तीन. साधी पाण्याची गाठ सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत असून त्रास नसेल, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. त्याहून मोठी असल्यास डॉक्टर ठराविक काळाने पुन्हा सोनोग्राफी सांगतात, आणि तेव्हा न चुकता जावयाचे असते. गाठ फार मोठी असेल, वाढत असेल, वेदना देत असेल वा संशयास्पद दिसत असेल, तर शस्त्रक्रिया करतात. ती पुष्कळदा दुर्बिणीतून, लहान छेद घेऊन होते. तरुण मुलीची केवळ गाठ काढून अंडाशय राखण्याचा प्रयत्न व्हावा, अशीच वैद्यकाची रीत आहे.

गोळ्यांविषयी दोन शब्द. संततिनियमनाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या झालेली गाठ विरघळवीत नाहीत. परंतु नव्या साध्या गाठी होऊ नयेत म्हणून, पाळी नियमित व्हावी म्हणून किंवा वेदना शमाव्या म्हणून डॉक्टर त्या देतात. आपल्या श्रद्धावंत मुलींच्या मनात येथे शंका येते. तिचे उत्तर स्पष्ट आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात, रोग बरा करण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचारांस, त्यांमुळे गर्भधारणेस अडथळा येत असला तरी, मोकळीक दिली आहे. मात्र तो अडथळा हाच हेतू नसावा. औषध औषध म्हणून घेणाऱ्या मुलीने मनात अपराधाची भावना बाळगू नये.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी प्रत्येकीने पाठ करावी. खालच्या पोटात एका बाजूस एकाएकी तीव्र कळ येऊ लागली, सोबत ओकाऱ्या झाल्या, घेरी आली, तर अंडाशयास पीळ पडला असेल किंवा गाठ फुटून आत रक्तस्राव होत असेल. पीळ पडल्यास अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांच्या विलंबाने तो अवयव गमवावा लागतो. त्या वेळी पोट चोळणे, डाग देणे, अंगारा लावणे, सकाळची वाट पाहणे, यांतले काहीही करू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि जेथे शस्त्रक्रिया होते त्या रुग्णालयात मुलीस न्यावे. पावसाळ्यात नदीनाल्यांस पूर येऊन आपल्याकडील वाटा अडतात. म्हणून ज्या मुलीस गाठ असल्याचे ठाऊक आहे, तिच्या घरच्यांनी पाऊस लागण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेऊन ठेवावा.

विलंब वाईट, तशी अविचारी घाईही वाईट. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत २०१९ साली उघडकीस आली. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी मजुरी बुडू नये म्हणून ते केले होते. यास्तव कोणी ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ असे म्हणाले, तर विचारावे : गाठ कोणत्या जातीची? केवढी? थांबून पाहिले तर काय होईल? अंडाशय राखता येईल काय? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. जो सज्जन वैद्य आहे त्यास या प्रश्नांचा राग येणार नाही. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो काय, याची रुग्णालयातच चौकशी करावी.

शेवटी विवाहाविषयी, कारण साऱ्या भयाचे मूळ तेथेच आहे. गाठ काढलेल्या मुलीस मुले होतात. एक अंडाशय गेले तरी दुसरे निरोगी असल्यास बहुधा मातृत्वास अडचण येत नाही. मग पोटावरील शस्त्रक्रियेच्या खुणेवरून मुलगी नाकारणाऱ्या वराच्या आईबापांस आम्ही काय म्हणावे? त्यांनी बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या शुभवर्तमानातील त्या स्त्रीचे स्मरण करावे. तिला प्रभूने चारचौघांत दूर लोटले नाही. चारचौघांत ‘मुली’ अशी हाक मारली.

मुलींनो, दुखत असेल तर आईस सांगा. आईस सांगवत नसेल तर आशाताईस, नर्सबाईस, शाळेतील बाईंस किंवा मठातील सिस्टरांस सांगा. मातांनो, मुलगी सांगू लागली की हातातले काम ठेवून ऐका. आणि बंधूंनो, बैलास दुखले तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घेतो. लेकीसाठी तेवढी तरी धाव घ्या. या मंदिराची पुढील जयंती जेव्हा येईल, तेव्हा लाजेपायी आपली एकही लेक गमावली नाही असे या मंडळीस म्हणता यावे, हीच आमची प्रार्थना. परमेश्वर आपणां सर्वांचे रक्षण करो.