शिस्त अंगठ्यापासून : तिरंदाजी आणि बोटांचे रक्षण
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की गणपतीपुढे बोटांच्या चामड्याच्या तुकड्याबद्दल काय बोलायचे? पण आपल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या कितीतरी घरांत आज मुले धनुष्य मागत आहेत. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. ही नावे टीव्हीवर दिसली की मूल हट्ट धरते आणि आपण कौतुकाने धनुष्य आणतो. धनुष्य येते, बाण येतात, रंगीत लक्ष्यही येते. बोटांना काय घालायचे, हे कोणी विचारत नाही. महिनाभराने मूल म्हणते, ‘बोटे दुखतात’, आणि धनुष्य माळ्यावर जाते. पुष्कळदा खेळ सुटतो तो कौशल्य नसल्यामुळे नाही, तर बोटे जपली नाहीत म्हणून सुटतो.

आधी जरा हिशेब करू. २५ पौंडांचे धनुष्य म्हणजे पूर्ण ताणल्यावर बोटांवर साधारण ११ किलोंचा भार. तोही रुंद पट्ट्यावर नाही, सुतळीएवढ्या दोरीवर. दिवसाला शंभर बाण सोडले तर एकूण अकराशे किलोंच्या वर भार झाला. तीन बोटांनी दोरी ओढली तरी मधल्या बोटावर बहुधा जास्त जोर येतो. सुरुवातीला कातडी लाल होते, मग फोड येतो. पण खरी भीती फोडाची नाही, तो बरा होतो. बोटाच्या कडेने जाणारी नस सारखी दबत राहिली तर बोटाला मुंग्या येतात, ते बधिर होते, आणि तो बधिरपणा लवकर जात नाही. लिहिणारे, पेटी वाजवणारे, शिवणकाम करणारे बोट तेच असते.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. महाभारतातले योद्धे रणात उतरताना ‘गोधा’ आणि ‘अंगुलित्राण’ बांधून उतरतात. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्याचा पट्टा दोरीचा फटका बसू नये म्हणून हातावर बांधत. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताला धनुष्य आणून देतात ते ‘हस्तावापा’सकट, म्हणजे हाताच्या रक्षकासकट. राजाचे धनुष्य एकटे येत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. (घोरपड आता कायद्याने संरक्षित प्राणी आहे. तिच्या कातड्याचा विचारही करू नये.)

एकलव्याची गोष्ट आपल्याला गुरुदक्षिणेसाठी आठवते. पण तिच्यात तंत्राची एक बारीक नोंदही आहे. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पहिली चपळाई राहिली नाही. यावरून दोन पद्धती समजतात. एक अंगठ्याने दोरी ओढण्याची आणि दुसरी बोटांनी ओढण्याची. आजच्या ऑलिंपिकमध्ये बोटांचीच पद्धत चालते, अंगठा दोरीला लागतच नाही. आजच्या मैदानावर एकलव्याला कोणी अडवू शकले नसते!

अंगठ्याच्या पद्धतीचा आपल्या बिदरशी जवळचा संबंध आहे. पंधराव्या शतकात बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. विजयनगरचा दुसरा देवराय बहमनींपुढे वारंवार का हरतो, याची चर्चा त्याच्या दरबारात झाली, असे फेरिश्ता सांगतो. उत्तर मिळाले ते असे की त्यांचे घोडे दमदार आहेत आणि त्यांच्याकडे उत्तम तिरंदाज आहेत. मग देवरायाने मुसलमान तिरंदाज चाकरीला ठेवले आणि आपल्या सैन्याला तिरंदाजी शिकवायला लावली. दोन हजार मुसलमान आणि साठ हजार हिंदू तिरंदाज तयार झाले, असा आकडा फेरिश्ता देतो. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. पण विद्या शत्रूकडची असली तरी शिकावी, हा शहाणपणा त्यात आहे.

इराणी आणि तुर्की तिरंदाज अंगठ्याने दोरी ओढत आणि अंगठ्यावर शिंगाचे, हाडाचे, धातूचे किंवा मौल्यवान दगडाचे कडे घालत. त्याचे एक फारसी नाव ‘जिहगीर’, म्हणजे दोरी धरणारे. दुसरा शब्द ‘शस्त’. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, अंगठ्यावरचे ते कडे आणि त्यावरून नेमसुद्धा. हाच शब्द आपल्याकडे ‘शिस्त’ होऊन रुजला. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. पुढे नेमकेपणावरून नीटनेटकेपणा आला आणि आज शाळेच्या फळ्यावर लिहितो ती शिस्त झाली. कन्नडमध्येही तोच शब्द ‘शिस्तु’ म्हणून नांदतो. १९५६ साली जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. पण अंगठ्याच्या कड्यातून आलेला हा शब्द हद्दीच्या दोन्ही बाजूंना राहिला.

आता निवडीकडे येऊ.

पहिला प्रकार म्हणजे टॅब. तळहाताच्या बाजूने तीन बोटांवर बसणारा हा चामड्याचा सपाट तुकडा असतो. बाणासाठी पहिल्या आणि दुसऱ्या बोटांमध्ये त्याला खाच असते. आधुनिक वळणदार धनुष्यासाठी आणि शिकाऊ मुलांसाठी हाच बरा. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या घडीत बसली पाहिजे. बोटांच्या टोकापुढे चामडे फार लोंबले तर दोरी सुटताना ते अडते, म्हणून कात्रीने बेताचे कापून घ्यावे. दोन बोटांमध्ये छोटा ठोकळा असलेला टॅब घेतला तर बाण चिमटीत दाबला जात नाही. नवा टॅब ताठर असतो, काही दिवसांच्या सरावाने तो हाताला रुळतो. स्पर्धेला जाताना रुळलेले दोन टॅब जवळ असावेत.

दुसरा प्रकार म्हणजे तीन बोटांचा हातमोजा. हातातून पडत नाही म्हणून मुलांना तो आवडतो, आणि साध्या लाकडी धनुष्याला शोभतोही. पण बोटाबोटाचे माप जुळावे लागते, आणि वापरून वापरून त्यावर दोरीची खोबण पडते. खोबण पडली की दोरी तिच्यात अडकते आणि बाण दर वेळी वेगळा सुटतो. मग मोजा बदलावा.

तिसरे अंगठ्याचे कडे. ज्याला जुनी पद्धत शिकायची आहे त्यानेच ते घ्यावे, कारण त्यात उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतात आणि सगळी सवय बदलते. कडे थोडे लांबट असते. आडवे घालून मग फिरवायचे. हात झटकल्यावर पडू नये, आणि अंगठा निळाही पडू नये. सुरुवातीला चामड्याचे बरे, कठीण कडे नंतर.

अदिती आणि ओजस वापरतात त्या कंपाउंड धनुष्याला दोरी सोडण्याचे वेगळे यांत्रिक साधन असते, तिथे बोट दोरीला लागतच नाही. म्हणून त्यांचे पाहून आपल्या मुलाने लाकडी धनुष्य उघड्या बोटांनी ओढू नये.

आता आपल्या घरांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. आपण मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेतो. टॅब आणि मोजा तसा घेऊ नका. सैल मोजा आत सरकतो आणि फोड त्यानेच येतो. फार जाड चामडेही नको, दोरी बोटाला कळली पाहिजे. फार पातळ घेतले तर नस दबते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात हात घामेजतात, तेव्हा टॅबला थोडी टाल्कम पावडर लावावी. पावसात भिजलेले चामडे सावलीत वाळवावे, चुलीजवळ किंवा उन्हात नाही. काही घरांत चामड्याला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी कृत्रिम कापडाचे टॅब मिळतात, धर्म आणि खेळ यांत निवड करायची गरज नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रक्षक कितीही चांगला असला तरी जड धनुष्य हलके होत नाही. शिकाऊ मुलाला १५ ते २० पौंडांचे धनुष्य पुरते. मुलाने बोट लाल दाखवले तर विश्रांती द्या. फोड आला तर तो पूर्ण बरा होईपर्यंत धनुष्य बाजूला ठेवा. बोट बधिर झाले म्हणाला तर ‘सवय होईल’ असे म्हणू नका. धनुष्य हलके करा, प्रशिक्षकांना टॅब आणि पकड दाखवा, आणि बधिरपणा राहिला तर डॉक्टरांकडे जा. दुखणे सोसणे म्हणजे शौर्य, हे आपण मुलांना नकळत शिकवतो. महाभारतातले वीर मात्र हात बांधून रणात उतरत, आणि त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही.

बाजारात धनुष्याची किंमत विचारण्याआधी मुलाचा हात आपल्या हातात घेऊन त्याच्या बोटांचे माप घ्या. शिस्त त्याच अंगठ्यापासून सुरू झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!