कुरतडलेल्या पेशी आणि आपली रक्तपेढी



स्वागताध्यक्षाने मंडप, जेवण आणि गाड्या यांच्यापलीकडे फार बोलू नये, असा संकेत आहे. जेवणाचे सांगतो : ताटातला भात याच जिल्ह्यातल्या धानाचा आहे. आता थोडा संकेत मोडतो, कारण पेशीविज्ञानाची परिषद नागपूर सोडून गोंदियात कशाला, असे अनेकांनी विचारले. विषय इथलाच आहे, म्हणून.

एखादी पेशी शेजारच्या जिवंत पेशीला अख्खी गिळत नाही, तिच्या पटलाचा लचका तेवढा तोडते आणि तो आपल्या अंगावर किंवा पोटात बाळगते. शास्त्रज्ञ याला ट्रोगोसायटोसिस म्हणतात. आपल्या खेड्यांत रक्ती आव नवी नाही. ती घडवणारा एक अमीबा माणसाच्या पेशी अशाच चावे घेऊन मारतो, हे व्हर्जिनियातील कॅथरीन राल्स्टन आणि विल्यम पेट्री यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये राल्स्टन यांच्या प्रयोगशाळेतून पुढची गोष्ट आली : तोडलेले मानवी तुकडे अमीबा स्वतःच्या अंगावर मिरवतो आणि त्यामुळे आपल्या रक्तद्रवाच्या माऱ्यातून वाचतो. चोराने घरमालकाचाच सदरा घालून बाहेर पडावे, तसे!

हाच लचका कर्करोगाच्या उपचारातही आडवा येतो. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशींना शिकवून सीडी-१९ हे प्रथिन बाळगणाऱ्या कर्कपेशींवर सोडायचे, असा तो उपचार. याच जातीच्या टी पेशींबद्दल न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अडचण दाखवली होती. या टी पेशी कर्कपेशीचे सीडी-१९ पटलासकट ओरबाडून घेतात. मग कर्कपेशी ओळखू येत नाही आणि तो तुकडा अंगावर आलेल्या टी पेशीला तिच्याच बहिणी मारतात. उद्या यावर स्वतंत्र सत्र आहे, त्यामुळे मी इथेच थांबतो.

मला बोलायचे आहे ते सिकलसेलबद्दल. विदर्भातल्या सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. आज सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावकडून एसएस पॅटर्नची, म्हणजे नुसती वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजार असलेली, मुले रक्तासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. रक्त चढते, मूल तरतरीत होते, काही महिन्यांनी पुन्हा येते. असे वारंवार झाले की काहींच्या शरीरात दात्याच्या पेशींवरील एखाद्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढच्या वेळी तशाच पेशी चढल्या की प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. प्लीहेतल्या भक्षकपेशी त्या प्रतिपिंडांची शेपटी धरतात आणि पटलाचा घास घेतात.

तांबडी पेशी चपटी असते, कारण आतल्या ऐवजाच्या मानाने तिचे पटल ऐसपैस असते. म्हणून तर ती स्वतःपेक्षा अरुंद फटीतूनही निसटते. पटल कमी झाले आणि ऐवज तेवढाच राहिला, की ती गोल होते. गोल पेशी प्लीहेच्या फटीत अडते आणि तिथेच मरते. तिच्याबरोबर चढवलेली बाटलीही वाया जाते, आणि कधीकधी मुलाचे हिमोग्लोबिन बाटली चढवण्यापूर्वीपेक्षाही खाली येते. हे सगळे पाहायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. नीट रंगवलेली काचपट्टी, साधा सूक्ष्मदर्शक आणि पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे दाखवणारी कूम्ब्स टेस्ट एवढ्यावर निदान पुष्कळ पुढे जाते. १९४५ सालची ही टेस्ट आहे. ती वेळेवर मागवायचे सुचले पाहिजे, एवढेच. रक्त चढल्यानंतर ताप आणि कावीळ दिसली की आपण मलेरिया शोधतो. या जिल्ह्यात ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबू नये.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झाले. तपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली, ही चांगली गोष्ट आहे. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ए, बी, ओ आणि आरएच-डी जुळले की बाटली दिली जाते. आरएचचे सी, ई यांसारखे उरलेले प्रतिजन आणि केल हेही जुळवले, तर प्रतिपिंडे कमी तयार होतात, हे आता सर्वमान्य आहे. रुग्णाच्या या प्रतिजनांची तपासणी पहिल्या बाटलीच्या आधी व्हायला हवी, कारण नंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तात मिसळलेल्या असतात आणि काही महिने निकालाचा भरवसा राहत नाही.

तेव्हा आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो आणि यजमान म्हणून एक मागणे मागतो. समारोपाच्या सत्रात हा ठराव मंजूर करा : सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाचा विस्तारित रक्तगट पहिले रक्त चढवण्याआधी तपासला जावा आणि त्याच्या कार्डावर लिहिला जावा. ठराव मुंबईला सरकारकडे पोचवण्याची जबाबदारी स्वागत समितीची.