हजयात्रा आणि ऊन



कुरवंड्याचा माणूस मक्केच्या उन्हावर बोलावयास उभा राहतो, याचे काहींना हसू आले असेल. आमच्या गावी नागफणीवरून कोकणचा वारा चढून येतो आणि दिवस कलला की वैशाखातही हवा निवते. पण उन्हाची आमची ओळख गावातली नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आम्ही ओतशाळांच्या भट्ट्यांपुढे उभे राहिलो. अंगाबद्दल जे काही कळले ते प्रथम तेथे कळले. पुस्तके मागाहून वाचली. मध्यंतरी आमचे एक जुने सभासद, आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो, हजला निघाले. निघण्यापूर्वी येऊन म्हणाले, "भाऊ, भट्टीवर तुम्ही आम्हांला मिठाचे पाणी पाजलेत, आता तिकडचे काय ते सांगा." त्यांना सांगण्यासाठी आम्ही जे वाचले, विचारले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

२०२४ च्या जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केचा पारा ५१.८ अंशांवर गेला. त्या यात्रेत १,३०१ माणसे मरण पावली, असे सौदी सरकारने जाहीर केले. आपल्या परराष्ट्र खात्याने तेव्हा ९८ भारतीय दगावल्याचे सांगितले; त्यांतले बरेच वृद्धापकाळाने वा जुन्या दुखण्याने गेले होते. पण आम्ही थबकलो ते दुसऱ्या एका आकड्यापाशी. मेलेल्यांपैकी शेकडा ८३ जण परवान्यावाचून आलेले होते. परवाना नाही म्हणजे गार तंबू नाही, बस नाही, दुपारी टेकावयास जागा नाही. ही माणसे लांबचे अंतर उन्हात चालली, सावलीवाचून. ऊन सर्वांना सारखेच होते. सावली मात्र कागद पाहून मिळत होती.

हे आम्हांला ओळखीचे वाटले. एका कारखान्यात कायम कामगारांसाठी गार पाण्याची टाकी होती आणि ठेकेदाराच्या माणसांनी तिला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. वास्तविक १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले होते की, अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी दिलेच पाहिजे. कायद्यात 'कामगार' म्हटले होते, 'कायम कामगार' म्हटलेले नव्हते. त्या टाकीसाठी आम्हांला नऊ दिवस भांडावे लागले. म्हणून चाचांना आमचा पहिला सल्ला पाण्याबद्दल नव्हताच. आम्ही म्हटले, परवान्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या दलालाच्या पैशांतून वजा झालेली असते ती सावलीच.

आता अंगाचे पाहू. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. मुंबई-कोकणात हवा दमट, घाम वाळत नाही, तो निथळतो. माणसाला वाटते, फार घाम आला. मक्केची हवा कोरडी. तेथे घाम येतो तसा उडून जातो, कातडी कोरडीच लागते, आणि आपला माणूस समजतो की घाम आलाच नाही, मग पाणी कशाला? शिवाय तहान उशिरा सांगते. तेव्हा तहानेची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे आणि लघवीच्या रंगावर नजर ठेवावी. ती गडद झाली की पाणी कमी पडले. नुसते पाणी पोटभर ढोसणेही बरे नव्हे, घामाबरोबर मीठ जाते. लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे प्रमाण पुरते. ज्यांना रक्तदाबाच्या वा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी मात्र मिठाचे आणि पाण्याचे डॉक्टरांनाच विचारून निघावे. काळजाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनीही.

भगिनींविषयी एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. शौचालयापुढे रांग लांब म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. कारखान्यातल्या बायकांचेही हेच पाहिले आहे. ही सोय नसणे हेसुद्धा उन्हाचेच कारण समजा.

भट्टीवर नवा माणूस आला की आम्ही पहिल्या दिवशी त्याला पुरे काम देऊ देत नसू. अंगाला उष्णता सोसावयास आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. लोणावळ्याच्या गारव्यातून उठून विमानाने काही तासांत तेथे उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पूर्वी मुंबईहून आगबोटीने जावे लागे. १९९५ साली त्या बोटी थांबल्या. तो प्रवास हालाचा होता खरा, परंतु अंगाला सवड मिळे. आता घरीच महिनाभर आधीपासून रोज चालावे.

धर्माने जे बांधून घातलेले नाही ते आपण उगाच बांधून घेऊ नये. इहरामात पुरुषाने डोके झाकावयाचे नसते, पण छत्री धरण्यास बहुतेक पंडितांची मुभा आहे. अराफातला दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबावयाचे ते त्या मैदानात. डोंगरावर चढलेच पाहिजे असे नाही, तंबूतही चालते. अशक्ताच्या वतीने दुसऱ्याने खडे मारलेले चालतात. आमचे वारकरी तरी काय करतात? पहाटे चालतात, दुपारी विसावा घेतात आणि दिंडीतले म्हातारे माणूस नजरेआड होऊ देत नाहीत.

एखादा बरळू लागला, लटपटू लागला, अंग तापून कातडी भाजल्यासारखी झाली, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. त्या क्षणी पहिले काम त्याला गार करणे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि त्याच वेळी मदत बोलवावी. शुद्धीत नसेल त्याला पाणी पाजू नये. १९८० च्या सुमारास मक्केसाठी डॉक्टरांनी एक खाट तयार केली होती. तीत रोग्यावर पाण्याचे तुषार आणि जोडीला कोमट वारा सोडीत. कोमट अशासाठी की बर्फाच्या गारठ्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. बर्फ मुळीच नको असे मात्र नव्हे. जवळ असेल तर तो वापरावा, वेळ दवडू नये.

हे सारे परदेशातले आहे असे समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पुरस्कार समारंभात उघड्या मैदानावर बसलेली माणसे उष्माघाताने गेली. मृतांचा आकडा चौदावर पोहोचला. खारघर आमच्या घाटाच्या पायथ्यापासून किती दूर? व्यासपीठावर मंडप होता, लोकांवर नव्हता.

हज दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. जूनमधून मेमध्ये आला म्हणून काळजी मिटली नाही. मक्केच्या मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडेच असतो.

चाचा सुखरूप परत आले. खडे मारावयास ते गर्दी आणि ऊन दोन्ही ओसरल्यावर संध्याकाळी गेले. आम्ही विचारले, त्रास कशाचा झाला? म्हणाले, चपलांचा. काबाभोवतीचा पांढरा संगमरवर उन्हातही गार लागतो, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. बाहेर येऊन पाहावे तर चपला नाहीत आणि समोर डांबरी रस्ता. त्यांचे तळवे दोन दिवस फोडांनी भरले होते. तेव्हापासून कोणी जावयास निघाले की चाचा सांगतात, दोन जोड न्या, एक पायांत आणि एक काखेतल्या पिशवीत.