पेशीची भूक आणि औषधाची शिस्त
(अहिल्यानगर जिल्ह्यातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पारनेर, अकोले या तालुक्यांतून पोटासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या माणसांना परळ हे नाव नवे नाही. आज आपल्या जिल्ह्यातील कर्करोगाचा रुग्णही त्याच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतो. तेथे वापरल्या जाणाऱ्या एका औषधाची कथा मुंबईतच सुरू होते.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ज्ञात झालेले फोलिक आम्ल. नवी पेशी घडताना तिचे डीएनए तयार होण्यास ते आवश्यक असते.

कर्करोगाची पेशी सतत विभागत राहते; साहजिकच तिला या द्रव्याची निकड मोठी. १९४७-४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ बालकांना अमिनोप्टेरिन दिले. हे द्रव्य दिसावयास फोलिक आम्लासारखे, परंतु त्याचे कार्य रोखणारे. १० बालकांत रोग काही काळ मागे हटला. हे औषध डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी सिद्ध केले होते. त्याचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. फोलिक आम्लास कामास जुंपणारे विकर ते अडवून धरते आणि पेशीची वाढ खुंटते.

परंतु पेशीही स्वस्थ बसत नाही. काही पेशी तेच विकर अधिक प्रमाणात निर्माण करतात, काही औषधास आत शिरू देत नाहीत. म्हणूनच डॉक्टर अनेकदा निरनिराळी औषधे एकत्र देतात. गाठ ओसरली म्हणजे रोग गेला, असे नव्हे. उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात.

निरोगी पेशींनाही या औषधाची झळ लागते. तोंड येते, रक्तातील पेशी घटतात. या त्रासास भिऊन, अथवा बरे वाटताच, उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांना आपण समजवावे. त्रास डॉक्टरांना सांगावा, औषध आपल्या मनाने थांबवू नये. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या असतात. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. फोलिक आम्लाचे टॉनिकही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

खर्चाच्या चिंतेने कोणी घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. गोळीचा वार रुग्णाच्या घरच्या दिनदर्शिकेवर आपल्या हाताने लिहून द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.