अजिंठ्याची भंगलेली चित्रे आणि संगणक
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वाघोरा नदीच्या वळणावरील अजिंठ्याच्या तीस लेण्यांपैकी सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेखावरून कळते. दात्याचे नाव दगडावर टिकले. भिंतींवरील चित्रे मात्र गिलाव्यासह गळून गेली आणि उरली ती जीर्ण झाली.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या नकला उतरविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेच काम पुन्हा आरंभिले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाल्या. इकडे मूळ चित्रांवर रक्षणार्थ चढविलेले वार्निश व लाखेचे थर कालांतराने पिवळे पडले. हेतू शुभ, परंतु परिणाम विपरीत!

आता संगणक साहाय्यास आला आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी या चित्रांच्या संगणकीय पुनर्रचनेचे काम हाती घेतले आहे. अशा कामात प्रथम चित्राची सूक्ष्म छायाचित्रे घेतात. मग तुटलेल्या रेषेचे धागेदोरे शिल्लक भागात शोधतात. एखाद्या मुकुटाची नक्षी पुसली असेल, तर तशीच नक्षी अन्यत्र कोठे शाबूत आहे हे पाहतात. सारे काम पडद्यावर होते. भिंतीस कुंचला लागत नाही. चूक झाली तर ती पुसता येते. लाखेचा थर असा सहजी पुसता येत नाही.

तथापि एक धोका आहे. जेथे पुरावा संपतो, तेथे कल्पना आरंभते. भरून काढलेला चेहरा इतका मोहक दिसतो की पाहणारा त्यालाच मूळ समजतो, आणि मग भंगलेल्या भिंतीची किंमत त्याला उरत नाही. म्हणून मूळ छायाचित्र आणि पुरे केलेले चित्र शेजारी शेजारी ठेवावे, नव्याने भरलेला भाग स्पष्ट दाखवावा, आणि गिल-ग्रिफिथ्स यांच्या नकलांची गत स्मरून प्रती अनेक ठिकाणी जतन कराव्या.

बंधुभगिनींनो, आपल्या घरोघरी जुनी वंशावळ, सनदा, पूर्वजांची छायाचित्रे असतील. त्यांनाही हाच नियम लागू आहे. प्रती अवश्य काढा. पण फाटलेल्या जागी आपल्या मनचे नाव लिहू नका. रिकामी जागा रिकामी ठेवण्यातही पूर्वजांचा आदरच आहे.