मुलींची दोन वर्षे



बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले, याचा आपण बडोदेकर सार्थ अभिमान बाळगतो. त्यातील एक तपशील मात्र समारंभात सहसा कुणी सांगत नाही. सक्तीचे वय मुलांसाठी ७ ते १२ होते. मुलींसाठी ७ ते १०. श्रीमंत सयाजीराव महाराजांसारख्या द्रष्ट्या राज्यकर्त्यालाही लोकांच्या समजुतीपुढे मुलींची दोन वर्षे सोडावी लागली, असेच म्हणावे लागेल. दहा वर्षांची मुलगी त्या काळी ‘मोठी’ झालेली असे. दोनच वर्षे आधी, १९०४ साली, संस्थानाने बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता. त्यातही वधूचे किमान वय १२ इतकेच होते.

माझ्या लहानपणी कायदे बदलले होते. नजर बदलली नव्हती. दिवेलागणीनंतर ग्रंथालयातून परतणारा माझा भाऊ ‘अभ्यासू’ आणि मी ‘भटकभवानी’! माझ्या हातात कादंबरी दिसली, की शेजारच्या काकू आईला विचारीत, “हिच्या स्थळाचं कसं व्हायचं हो?”

आईने त्यांना कधी उत्तर दिले नाही. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. तिने एक युक्ती काढली. पुस्तके भावाच्या नावावर येऊ लागली. तो कुरकुरत आणी, मी माजघरात बसून वाची आणि रात्री भांडी आवरताना आई हळूच विचारी, “पुढे काय झालं गं?”

भावाच्या नावाच्या त्या वर्गणीच्या पावत्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. माझ्या स्वतःच्या नावाची पहिली पावती लग्नानंतरची आहे. तीवर आडनाव सासरचे.